शाफ्ट घ्यावा तो माप पाहून
ट्रक-टेम्पो मालक, गॅरेजवाले, लेथवाले आणि सुट्या भागांच्या दुकानदारांसाठी

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. पुणे-हैदराबाद हा पूर्वीचा ९ नंबरचा आणि आताचा ६५ नंबरचा महामार्ग नळदुर्ग व उमरग्यावरून जातो. सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे (औरंगाबाद) जाणारा पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ नंबरचा महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बालाघाटाच्या डोंगररांगेतून जातो. या रस्त्यांच्या कडेला गॅरेज, लेथ, वेल्डिंग आणि सुट्या भागांची दुकाने आहेत. आमच्या वाचकांपैकी अनेकांची रोजीरोटी याच धंद्यावर चालते. म्हणून या वेळी आम्ही ट्रकच्या एका भागाचा विषय घेतला आहे. हा भाग रोज विकला जातो, रोज बसवला जातो, पण तो निवडायचा कसा यावर क्वचितच बोलले जाते. हा भाग म्हणजे प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचा क्रॉस.

दुकानावर गिऱ्हाईक येते तेव्हा त्याची मागणी बहुधा दोनपैकी एक असते. "उस्ताद, शाफ्ट पुन्हा तुटला, आता चांगला जाड दाखवा," ही एक. "स्वस्तातला द्या, एवढा हंगाम निघाला म्हणजे झालं," ही दुसरी. या दोन्ही मागण्यांत माप, जोडणी आणि तोल यांचा शब्द नाही, आणि शाफ्ट टिकतो तो याच तीन गोष्टींवर. आमचे म्हणणे थोडक्यात असे: कंपनीच्या शोरूमऐवजी बाजारातला शाफ्ट घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र तो गाडीला मोजून घ्यावा, आणि विकणाऱ्याने व बसवणाऱ्याने आपल्या नावाचे बिल देण्याची तयारी ठेवूनच तो द्यावा.

शाफ्टचे काम काय?

गिअरबॉक्स चेसिसला घट्ट बसवलेला असतो. मागचा धुरा मात्र कमानपाट्यांवर खालीवर होत असतो. गाडी रिकामी असताना धुरा एका उंचीवर, भरल्यावर दुसऱ्या उंचीवर आणि खड्ड्यात गेली की तिसऱ्याच. इंजिनाचे बळ गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत नेणाऱ्या शाफ्टला म्हणून दोन गोष्टी जमाव्या लागतात. त्याला कोन बदलता आला पाहिजे, त्यासाठी दोन टोकांना क्रॉस असतात. त्याला लांबी बदलता आली पाहिजे, त्यासाठी एका टोकाला आत-बाहेर सरकणारे स्प्लाइनचे दाते असतात.

ही युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्दानो याच्या नावावरून तिला कार्डन जॉइंट म्हणतात आणि सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावावरून हूक जॉइंट. मोटारीत ती रुजवली अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसर याने. त्याला १९०३ साली या जोडाचे पेटंट मिळाले. तोपर्यंत पुष्कळ मोटारी सायकलीसारख्या साखळीवर चालत. आज हा माल आपल्याच देशात तयार होतो. महाराष्ट्रात नाशिकची हिंदुस्थान हार्डी ही कंपनी प्रोपेलर शाफ्ट व जॉइंट बनवते, आणि राजकोट, लुधियाना या शहरांतून लहान-मोठ्या कारखान्यांचा माल देशभर जातो. माल मिळत नाही ही तक्रार आता राहिलेली नाही. पुढ्यात ठेवलेल्या पाच खोक्यांतून कोणते उचलायचे, हा आजचा प्रश्न आहे.

क्रॉसचा एक स्वभाव प्रत्येक मिस्त्रीने लक्षात ठेवावा. शाफ्ट कोनात असला की एका बाजूला एकसारखा वेग देऊनही दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. २० अंशांचा कोन असेल आणि इकडे मिनिटाला १,००० फेरे असतील, तर तिकडचा वेग सुमारे ९४० ते १,०६४ असा हेलकावतो. एका टोकाचा हा हेलकावा दुसऱ्या टोकाचा क्रॉस पुसून टाकतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ सारखे हवेत. कारखान्यातून शाफ्टवर बाणाच्या किंवा ठिपक्याच्या खुणा येतात त्या याचसाठी. शाफ्ट खोलून जोडताना स्प्लाइन एक-दोन दाते इकडेतिकडे बसली, तर नवा कोरा माल असूनही गाडी थरथरते, आणि गिऱ्हाईक मालाला नावे ठेवते.

आपल्या जिल्ह्यातला भार

कारखान्यातला माणूस कागदावर ताकदीचा हिशोब करतो. आपल्या गाड्या मात्र उसाच्या फडातून निघतात. गळीत हंगामात ढोकी, रांजणी, मुरूम या बाजूंना उसाने भरलेली गाडी काळ्या रानातून रस्त्यावर चढते तेव्हा शाफ्टवर काय येते, ते पाहू.

समजा, इंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिला गिअर सहापट आहे. शाफ्टवर येणारा पीळ झाला २,४०० न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे २४५ किलो वजन टांगल्यासारखे. हाच पीळ सरळ टॉप गिअरमध्ये फक्त ४०० असतो. शाफ्ट बहुतेक वेळा पहिल्या गिअरमध्ये तुटतो याचे कारण हे.

हा झाला सरळ चालणारा भार. चिखलात चाक रुतले, ड्रायव्हरने इंजिन तापवून क्लच एकदम सोडला, की झटका याहून कितीतरी मोठा बसतो. चिखलात गरगर फिरणारे चाक एकाएकी कोरड्या दगडावर आले आणि त्याने पकड घेतली, तर तोच प्रकार. क्रॉस सहसा अशा झटक्याने जातो, आणि तो आधीच कोरडा, झिजलेला असेल तर हमखास जातो.

वजनाबद्दलही एक शब्द. केंद्र सरकारने २०१८ साली धुऱ्यांवरील वजनाची मर्यादा वाढवली. दोन धुऱ्यांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. पण कागदावरची मर्यादा वाढली म्हणून जुन्या गाडीच्या चेसिसखालचा शाफ्ट जाड होत नाही. तो ज्या वजनाच्या हिशोबाने बनला, त्याच हिशोबाचा राहतो.

घाटाची गोष्ट वेगळी. भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाने धरली जाते आणि ब्रेक थंड राहतो. शाफ्ट तुटला की हा आधार त्याच क्षणी जातो व सगळा भार ब्रेकवर येतो. पुढच्या टोकाला तुटलेला शाफ्ट खाली लोंबला तर तो रस्त्यावर आपटतो, हवेच्या किंवा ब्रेकच्या नळ्यांना लागू शकतो. शाफ्टला खालून पट्टीचे किंवा कड्याचे संरक्षण असते, ते अनेक जुन्या गाड्यांतून गायब झालेले दिसते. शाफ्ट बदलताना ते कडे पुन्हा लावावे. काही जपानी बनावटीच्या हलक्या ट्रकांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्टवरच असतो. अशा गाडीचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळीच असते. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली कोणी जाऊ नये.

बाजारातला माल किती प्रकारचा?

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोनच प्रकार असतात, ओरिजिनल आणि डुप्लिकेट. दुकानदाराने एवढ्यावर थांबू नये. खरे प्रकार पाच आहेत.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल. दुसरा, गाडीच्या कंपनीला जो कारखाना माल पुरवतो त्याच कारखान्याचा, पण त्याच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातला. बऱ्याचदा हा पहिल्याइतकाच चांगला असतो आणि कमी दरात मिळतो. तिसरा, इतर कारखान्यांनी आपापल्या नावाने बनवलेला माल. यात उत्तम आणि सुमार दोन्ही असतात, म्हणून येथे पारख लागते. पण हा माल प्रामाणिक असतो, कारण बनवणाऱ्याचे नाव त्यावर असते. चौथा, भंगारात निघालेल्या गाडीचा जुना शाफ्ट. पाचवा, दुसऱ्याच्या नावाच्या नकली खोक्यात भरलेला माल.

पाचव्या प्रकाराला डुप्लिकेट म्हणून हसण्यावारी नेऊ नये. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या नाममुद्रेचा खोटा माल विकणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. खोके कोणी छापले हे नंतर पाहिले जाते, माल कोणाच्या फळीवर सापडला हे आधी पाहिले जाते. घाऊक बाजारातून बिलाशिवाय आलेले स्वस्त खोके स्वीकारताना दुकानदाराने याचा विचार करावा.

जुन्या शाफ्टविषयी आमचे मत असे, की नळी व योक चांगले असतील तर तो घेण्यास हरकत नाही. पण क्रॉस नवेच टाकावेत, नळीला पोचा नको, योकच्या भोकांचा गोलपणा गेलेला नको आणि स्प्लाइनमध्ये खडखड नको. योकचे भोक लंबगोल झाले असेल तर त्यात कितीही भारी क्रॉस घातला तरी तो थोड्याच दिवसांत हलू लागेल.

क्रॉसची पारख

चांगला क्रॉस मिश्र पोलादाचा असतो आणि त्याची फक्त वरची कातडी कडक केलेली असते. वरचा थर कडक, म्हणजे सुया त्यावर चर पाडत नाहीत. आतला गाभा चिवट, म्हणजे झटका बसला तरी दांडी मोडत नाही. स्वस्त मालात येथेच काटकसर केलेली असते.

दुकानात प्रयोगशाळा नसते, पण नवी कानस असते. क्रॉसच्या दांडीच्या कडेला ती हलकेच फिरवावी. कडक थरावर ती घसरते, मऊ लोखंडाला चावते. कानस चावली तर माल परत करावा. घसरली म्हणजे सगळे उत्तम असे मात्र समजू नये, कारण आरपार कडक केलेला क्रॉसही कानसेला दाद देत नाही आणि नंतर काचेसारखा तुटतो. म्हणून दुसरी पारख म्हणजे पूर्वी त्याच नावाचा तुटून आलेला क्रॉस. प्रत्येक गॅरेजवाल्याने असे तुकडे फेकून न देता गाडीचे नाव लिहून एका डब्यात ठेवावेत.

तुटलेला तुकडा बोलतो. तुटीच्या जागी शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक गोल रेषा असतील, तर ती भेग पुष्कळ दिवस हळूहळू वाढत होती. म्हणजे ग्रीस, कोन किंवा सततचा जादा भार यांत दोष आहे. सगळी तूट एकसारखी, ताजी व दाणेदार असेल तर एका झटक्यात तुटले आहे. दांडीवर नखाला लागणाऱ्या सरळ रेघा असतील तर सुयांनी चर पाडले आहेत. कपाच्या तोंडाशी लालसर भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपून गंज झाला आहे. कारण न शोधता नवा क्रॉस बसवला तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच तक्रारीने दारात येईल.

मापे घेण्याची रीत

"अमक्या गाडीचा शाफ्ट द्या," एवढ्यावर माल देऊ नये. एकाच नावाच्या गाडीत चाकांमधले अंतर वेगळे असते, गिअरबॉक्स बदललेला असतो, चेसिस वाढवलेली असते. पुढील मापे वहीत लिहून मगच माल मागवावा:

१. क्रॉसच्या कपाचा बाहेरचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन कपांच्या टोकांमधले अंतर. दोन्ही व्हर्नियरने मोजावेत, पट्टीने नाही.
२. लॉक कोठे आहे, कपाच्या बाहेर की आत.
३. फ्लँजचे बोल्ट किती, ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, आणि मधल्या उठावाचा व्यास. फ्लँज मध्यावर बसतो तो या उठावावर, बोल्टवर नाही.
४. स्प्लाइनच्या दात्यांची संख्या आणि व्यास.
५. नळीचा बाहेरचा व्यास आणि पत्र्याची जाडी.
६. गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना फ्लँजपासून फ्लँजपर्यंतचे अंतर.
७. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंगचा आतला व्यास आणि त्याच्या बैठकीच्या भोकांमधले अंतर.

सहावे माप सर्वांत जास्त चुकते. भार आला की कमानपाटे सरळ होतात आणि धुरा मागेपुढे सरकतो. शाफ्ट लांब पडला तर स्प्लाइन पूर्ण आत जाऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ठोके बसतात. आखूड पडला तर थोडेच दाते पकडीत राहतात आणि तेच झिजतात. गाडी नेहमीच्या भारात असताना स्प्लाइनला दोन्ही बाजूंना सरकायला जागा उरली पाहिजे.

जाड शाफ्टचा मोह

शाफ्ट तुटला की जाड घालावा हे सर्वांना पटते. पण बळ जिथून जाते त्या रांगेत सर्वांत कच्चा भाग तुटतो. शाफ्ट पक्का केला की झटका पुढे सरकतो आणि क्राऊन-पिनियन किंवा गिअरबॉक्सचे दाते जातात. क्रॉस रस्त्याच्या कडेला एका तासात बदलता येतो. क्राऊन-पिनियनसाठी गाडी कित्येक दिवस उभी राहते.

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकांचा शौक असणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. त्या गाड्यांना कारखान्यातून पुष्कळदा प्लॅस्टिकचे शाफ्ट येतात. शौकीन माणूस बाजारातून पोलादी शाफ्ट आणून बसवतो, शाफ्ट तुटायचा थांबतो आणि आतले गिअर तुटू लागतात. टीचभर गाडीला जो नियम, तोच सोळा टनी गाडीला.

भरीव सळईचा शाफ्ट बनवून द्या, अशी मागणीही लेथवर येते. ती नाकारावी. नळीचे लोखंड मध्यापासून दूर असते, म्हणून तेवढ्याच वजनात नळी जास्त पीळ सोसते. शिवाय प्रत्येक शाफ्टला एक धोक्याचा वेग असतो. त्या वेगाला तो मधोमध धनुष्यासारखा वाकून झोके घेऊ लागतो. तेवढ्याच व्यासाच्या भरीव सळईला हा वेग नळीपेक्षा लवकर गाठला जातो. लांबीचा परिणाम तर फारच मोठा आहे. शाफ्ट दुप्पट लांब केला तर धोक्याचा वेग चौथाईवर येतो, दीडपट केला तर निम्म्याहूनही खाली. चेसिस वाढवलेल्या गाडीत एकच लांब शाफ्ट टाकून सेंटर बेअरिंगचा खर्च वाचवणे म्हणूनच महागात पडते.

मग जाड शाफ्ट कधीच घेऊ नये काय? घ्यावा, पण गाडीच्या कंपनीने त्याच गाडीच्या जास्त भाराच्या मॉडेलला जो शाफ्ट, क्रॉस व फ्लँज दिला असेल, तो पूर्ण संच घ्यावा. अर्धे एकाचे आणि अर्धे दुसऱ्याचे करू नये.

लेथ आणि वेल्डिंगवाल्यांसाठी

शाफ्ट कापून आखूड करणे किंवा नवी नळी टाकणे हे हुनराचे काम आहे आणि त्याचे दाम पूर्ण घ्यावे. पण ते काम पूर्ण करावे. कापण्यापूर्वी नळीवर लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे जोडताना योक एका पातळीत येतील. नळी योकवर घट्ट बसली पाहिजे. वेल्डिंगने फट भरून काढू नये. आधी समोरासमोर चार टाके द्यावेत, मग दोन सेंटरांत फिरवून डायल गेजने नळीचा वाकडेपणा पाहावा. तो अर्ध्या मिलीमीटरच्या आत आणूनच पूर्ण वेल्ड मारावा. योकचे पोलाद साध्या पट्टीच्या लोखंडापेक्षा जास्त कार्बनचे असते, म्हणून वेल्डिंगपूर्वी ते शेकून घ्यावे आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यावे. घाईने पाणी ओतले की वेल्डच्या कडेचे लोखंड ठिसूळ होते आणि तेथूनच भेग पडते.

त्यानंतर तोल. नळीवर चिकटवलेल्या लहान पत्र्याच्या पट्ट्या हा कारखान्यातल्या बॅलन्सिंग मशीनवरचा तोल असतो. त्या शोभेच्या समजून काढू नयेत. नळी कापली की जुना तोल संपला, शाफ्ट पुन्हा मशीनवर चढवावा लागतो. तालुक्याच्या गावी एकट्याने असे मशीन घेणे परवडणारे नाही, हे खरे. पण पाच-सहा लेथवाल्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी भागीदारीत ते घेतले तर हे काम गावातच होईल. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, चारा कापणी यंत्रे अशा सर्वांचे शाफ्ट त्यावर येऊ शकतात. घरात शिकलेला तरुण असेल तर त्याला हे काम शिकवावे.

जबाबदारी कोणाची?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष मालाने इजा झाली तर नुकसानभरपाई कोणाकडून घ्यायची, याचे स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. कारखानदार तर जबाबदार आहेच. पण विकणाऱ्याने मालात फेरफार केला आणि त्या फेरफाराने इजा झाली, तर विकणाराही जबाबदार ठरतो. माल कोणी बनवला हे सांगता येत नसेल तरीही जबाबदारी विकणाऱ्यावर येते. दुरुस्ती करणाऱ्याचे कामही यातून सुटत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा सहसा लागू नसतो, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस त्यात ग्राहक मानला आहे. आपल्याकडे येणारे अनेक गाडीमालक तसेच आहेत.

म्हणून बिल हे कारागिराचे ओझे नसून त्याची ढाल आहे. बिलावर बनवणाऱ्याचे नाव, भागाचा नंबर, तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहावेत. कापला किंवा वेल्ड केला असेल तर तेही लिहावे. गिऱ्हाइकाने हट्टाने हलका माल बसवायला सांगितला तर काम न करणे बरे. वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे. बिलाचा माल आणि बिलाशिवायचा माल यांतले अंतर त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

स्वस्ताचा हिशोबही एकदा कागदावर मांडावा. समजा, एका क्रॉसमागे ४०० रुपये वाचले. हंगामात तो एकदा जरी तुटला, तरी एक खेप बुडाली, मिस्त्रीला रस्त्यावर बोलवावे लागले, ऊस वाळून वजन घटले. ते ४०० रुपये पहिल्याच तासात संपतात. हा हिशोब दुकानदाराने गिऱ्हाइकाला करून दाखवावा.

बसवताना आणि नंतर

कप हातोड्याने ठोकू नये, व्हाइसमध्ये किंवा प्रेसवर दाबून बसवावा. एखादी सुई आत आडवी पडली तर कप पूर्ण बसत नाही आणि लॉक खाचेत जात नाही. अशा वेळी जोर न लावता कप काढून पाहावा. बसवल्यावर क्रॉस चारही बाजूंना हाताने फिरला पाहिजे. फ्लँजला त्याच दर्जाचे बोल्ट आणि नवे नट वापरावेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तेथे चालत नाही.

ग्रीस भरताना चारही कपांच्या तोंडातून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. एका कपातून आले नाही तर ते बेअरिंग कोरडे आहे असे समजावे. गाडी जोराच्या पाण्याने धुतली की त्यानंतर ग्रीस करावेच, कारण पाणी आत शिरलेले असते. महिन्यातून एकदा चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहावा. हालचाल लागली तर क्रॉस बदलायची वेळ झाली. गिअर टाकताच टण् असा आवाज येणे हीही तीच सूचना.

ट्रॅक्टरचा शाफ्ट

शेवटी ट्रॅक्टरविषयी. सोयाबीनच्या मळणीत, रोटाव्हेटरला आणि पाण्याच्या पंपाला ट्रॅक्टरच्या मागून पीटीओ शाफ्ट जोडतात. नेहमीचे माप सहा दात्यांचे, सुमारे ३५ मिलीमीटर व्यासाचे, आणि वेग मिनिटाला ५४० फेरे. सेकंदाला नऊ फेरे झाले. शाफ्टचा घेर २५ सेंटिमीटर धरला तरी तो एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळतो. ओढणी, पदर, लुंगीचे टोक, गळ्यातला रुमाल त्यात सापडला तर माणसाला हात काढायला वेळ मिळत नाही.

यासाठी शाफ्टवर प्लॅस्टिकचे न फिरणारे कवच येते. ते फुटले की काढून फेकतात आणि शाफ्ट उघडा फिरत राहतो. आमची दुकानदारांना विनंती आहे की पीटीओ शाफ्ट कवचाशिवाय विकू नये आणि सुटी कवचे दुकानात ठेवावीत. शाफ्टमध्ये मुद्दाम कच्चा ठेवलेला शिअर बोल्ट असेल तर तो तुटल्यावर त्याच दर्जाचा टाकावा. तेथे पक्का बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणे म्हणजे यंत्र अडकल्यावर सुटण्याचा एकमेव मार्ग बंद करणे.

शाफ्ट गाडीच्या पोटाखाली असतो, तो मालकाला सहसा दिसत नाही. त्याने पैसे दिलेले असतात ते मिस्त्रीच्या आणि दुकानदाराच्या शब्दावर. भरलेली गाडी घेऊन येरमाळ्याचा घाट उतरणारा ड्रायव्हर आणि मळणीच्या यंत्राशी उभी असलेली मजूर बाई, दोघेही त्याच शब्दावर विसंबलेले असतात. एक व्हर्नियर, एक वही, एक बिलबुक आणि तुटलेल्या क्रॉसचा एक डबा, एवढे आपल्या दुकानात आजपासून असावे.